अरण्य-पायदळ, चंद्रपूर–गडचिरोलीचे

डोंगराळ व दाट वनांच्या प्रदेशात लढण्यासाठी उभारलेल्या, हलकी शस्त्रे व मोजके सामान घेऊन पायी वावरणाऱ्या दलास डोंगरी अथवा अरण्य-पायदळ म्हणतात. महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील चंद्रपूर (पूर्वीचा चांदा) व गडचिरोली या जिल्ह्यांत अशा पायदळाची निरनिराळी रूपे गोंड राजवटीपासून आढळतात. गोंड राजांचे व त्यांच्या मांडलिकांचे प्यादे, जमीनदारांचे शिपाई, १८५८ च्या उठावातील लढवय्ये आणि १९९० मध्ये स्थापन झालेले गडचिरोली पोलिसांचे ‘सी-६०’ हे विशेष दल ही त्यांतील प्रमुख होत. या दलांमध्ये संघटनेचे सातत्य नाही. एका दलातून दुसरे निर्माण झाले, असेही नाही. तथापि त्यांच्या इतिहासात दोन गोष्टी पुनःपुन्हा प्रत्ययास येतात. या भूमीत मोठ्या सैन्यापेक्षा वाटा, पाणवठे व लोकभाषा जाणणारी लहान तुकडी अधिक परिणामकारक ठरली; आणि अशा तुकडीची माणसे येथील गावांतूनच येत असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक संघर्षात एकाच समाजाची माणसे दोन्ही बाजूंना उभी राहिली.

सामान्य स्वरूप : डोंगरी युद्धासाठी स्वतंत्र पायदळ ठेवण्याची आधुनिक पद्धती यूरोपात एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. इटलीने १८७२ मध्ये आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांतील रहिवाशांमधून ‘आल्पिनी’ दल उभारले. त्याची तुल्यबळ तुकडी म्हणून फ्रान्सने १८८८ मध्ये आपले आल्पीय पायदळ संघटित केले. भारतात १९६२ च्या चीनबरोबरील युद्धानंतर सैन्यात स्वतंत्र पर्वतीय डिव्हिजन उभारण्यात आल्या. या सर्व दलांमागील मूळ कल्पना मात्र महाराष्ट्राला नवी नव्हती. छत्रपती शिवाजी महाराजांचे सामर्थ्य मुख्यतः मावळे व हेटकरी यांच्या पायदळावर उभे होते. त्या पायदळात दहा माणसांमागे एक नाईक हा सर्वांत लहान घटक असे आणि त्यावर हवालदार, जुमलेदार, हजारी असे अधिकारी असत. डोंगरी लढाईत निर्णय दहा माणसांच्या पातळीवर घ्यावा लागतो, हे या रचनेत गृहीत धरले होते.

सह्याद्री व चांदा प्रदेश यांत मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. सह्याद्रीत उंच कडा हाच बचावाचा आधार असून किल्ला हे युद्धाचे केंद्र असते. चांद्याच्या पूर्वेकडील डोंगर त्या मानाने ठेंगणे आहेत; तेथे खरा कोट वनाचा आहे. म्हणून येथील पायदळाचे कौशल्य चढण्यापेक्षा दिसेनासे होण्यात अधिक दिसून येते.

भूप्रदेश : गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी. असून सुमारे तीन-चतुर्थांश भूमी वनाखाली आहे. उत्तरेकडून येणारी वैनगंगा वर्धेस मिळाल्यावर त्या प्रवाहास प्राणहिता हे नाव मिळते. ती सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. आग्नेयीस इंद्रावती नदी छत्तीसगडमधील बस्तर प्रदेशाशी सीमा आखते. टिपागड, पलसगड, सुरजागड व भामरागड या डोंगररांगा जिल्ह्याच्या पूर्व भागात पसरल्या आहेत. साग, बांबू, मोह, टेंभुर्णी, ऐन इत्यादी वृक्षांचे हे मिश्र पानझडी वन आहे. राजगोंड, माडिया गोंड, परधान, हलबा, कंवर इ. जमाती येथे राहतात. दक्षिण भागात गोंडी, माडिया व तेलुगू, तर पूर्व सीमेवर छत्तीसगढी या भाषाही मराठीबरोबर बोलल्या जातात.

लष्करी दृष्ट्या या वनाचे स्वरूप ऋतूनुसार बदलते. पावसाळ्यात झाडोरा इतका माजतो की, काही पावलांपलीकडील माणूस दिसत नाही. नाले व नद्या दुथडी भरतात. पर्लकोटा नदीच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क दरवर्षी तुटतो. हिवाळ्यानंतर पानगळ सुरू होते. तेव्हा दृष्टीचा पल्ला वाढतो. परंतु वाळलेल्या पाचोळ्यामुळे प्रत्येक पावलाचा आवाज दूरवर जातो. उन्हाळ्यात पाण्याचे डोह मोजकेच उरतात आणि वनात वावरणाऱ्या प्रत्येकास त्यांच्याकडे यावे लागते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडण्यासाठी सगळे गाव पहाटेपासून वनात असते. त्या काळात कोणतीही तुकडी लोकांच्या नजरेआड राहू शकत नाही. कोणत्या डोहास मे महिन्यात पाणी राहते, कोणता नाला रात्रीत उतरतो, कोणती पायवाट गावाला वळसा घालते, ही माहिती नकाशावर सहसा नसते. ती ज्याच्यापाशी असेल त्याचे पारडे येथे जड राहिले आहे.

गोंड राजवट : चांद्याच्या गोंड राजघराण्याची राजधानी प्रथम सिरपूर, नंतर वर्धा नदीकाठचे बल्लारपूर व शेवटी चंद्रपूर येथे होती. चंद्रपूर शहर खांडक्या बल्लाळशाह याने वसविले, असे परंपरा मानते. इरई व झरपट या नद्यांच्या संगमालगतच्या या शहराभोवती सुमारे ११ किमी. लांबीचा दगडी परकोट असून जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा अशी त्याची चार मुख्य द्वारे आहेत. बल्लारपूर, माणिकगड, वैरागड, टिपागड इ. किल्ल्यांनी राज्याच्या निरनिराळ्या भागांचे रक्षण होई. वैरागड तेथील हिऱ्यांच्या खाणींमुळेही महत्त्वाचे होते.

अबुल फज्लच्या आईन-ई-अकबरीत चांद्याच्या राजाच्या फौजेचा उल्लेख आहे. त्यात बाबाजी या गोंड राजाजवळ १,००० घोडेस्वार व ४०,००० पायदळ असल्याचे नमूद केले आहे. समकालीन दरबारी नोंदींतील असे आकडे शब्दशः घेता येत नाहीत. ते खडे सैन्य दर्शवीत नसून प्रसंगी बोलाविता येणाऱ्या माणसांची गणती असावी. तथापि एका स्वारामागे चाळीस प्यादे हे प्रमाण बोलके आहे. मोगल सैन्याची प्रतिष्ठा घोडदळात होती, तर चांद्याचे बळ पायी चालणाऱ्या माणसांत होते. कारण पूर्वेकडील वनात घोड्यास वाट नव्हती, चाराही बेताचाच होता. धनुष्यबाण, कुऱ्हाड, भाला, तलवार आणि पुढे तोड्याच्या बंदुका ही या प्याद्यांची शस्त्रे होती. यांतील धनुष्य व कुऱ्हाड ही रोजच्या वनजीवनाची साधने असल्यामुळे शिकारी, शेतकरी व शिपाई यांच्यातील सीमारेषा अस्पष्ट राहिली.

राज्याच्या सीमेवरील डोंगराळ मुलूख मांडलिक जमीनदारांकडे सोपविलेला होता. अहेरी ही त्यांतील सर्वांत विस्तृत जमीनदारी होय. धानोरा, मुरमगाव, पलसगड, रांगी, पोटेगाव, कोटगल, गेवर्धा, खुटगाव इ. लहानमोठ्या जमीनदाऱ्या पूर्वेकडील वनपट्ट्यात होत्या. आपल्या हद्दीतील वाटा व घाट राखणे, लुटारूंचा बंदोबस्त करणे आणि बोलावणे येताच माणसे घेऊन हजर होणे, ही त्यांची कर्तव्ये असत. अशा प्रकारे सीमेचे रक्षण राजधानीतील फौजेकडे नसून स्थानिक माणसांकडे होते. टिपागडच्या डोंगरमाथ्यावर तलाव असून तेथे राज्य करणाऱ्या पुरम राजाची आख्यायिका आसपासच्या गावांत सांगितली जाते. छत्तीसगडच्या राजाशी लढताना तो पडला, अशा समजुतीने राणीने तलावात जीव दिला आणि विजयी होऊन परतलेल्या राजाने तिच्यामागून तेच केले, असा तिचा आशय आहे. इतिहास म्हणून तिला आधार नाही. परंतु रणांगणावरून येणाऱ्या बातमीची वाट पाहणारे घर लोकस्मृतीने लढाईइतकेच लक्षात ठेवले, हे तिच्यावरून दिसते.

भोसले व इंग्रज : मोगल सेनापती दिलेरखान १६६७ मध्ये चांद्यावर चालून आला, तेव्हा राजाने खंडणी देऊन युद्ध टाळले. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरच्या रघूजी भोसल्याने गोंड राजा नीळकंठशाह याचा पाडाव करून १७५१ मध्ये चांद्याचे राज्य आपल्या ताब्यात घेतले. भोसल्यांची सत्ता मुख्यतः शहर, किल्ले व मैदानी परगणे यांवर होती. वनपट्ट्यातील जमीनदार ठराविक टाकोळी भरून आपला कारभार पूर्ववत चालवीत राहिले.

तिसऱ्या इंग्रज-मराठे युद्धात दुसरा बाजीराव पेशवा चांद्याच्या रोखाने येत असता कर्नल ॲडम्सने १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ शिवणी येथे त्याचा पराभव केला आणि मे महिन्यात चंद्रपूरला वेढा घातला. तोफांनी परकोटास खिंडार पडल्यावर २० मे रोजी इंग्रजांनी शहर काबीज केले. किल्लेदार गंगासिंग या लढाईत मारला गेला. पिढ्यान्पिढ्या बांधलेला परकोट दोन आठवडेही टिकला नाही. त्यानंतर चाळीस वर्षांनी याच जिल्ह्याच्या वनात, कोणत्याही तटबंदीशिवाय, इंग्रजी सत्तेस त्याहून कितीतरी अधिक काळ झुंजावे लागले.

१८५८ चा उठाव : लॉर्ड डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केल्यावर चांदा जिल्हा थेट इंग्रजी अंमलाखाली आला. जमीनदारांच्या परंपरागत अधिकारांवर मर्यादा पडू लागल्या. १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात उठाव झाला, तेव्हा चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन हा होता. त्याने जिल्हा शांत राखण्याचा प्रयत्न केला; तथापि मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव पुल्लेश्वर शेडमाके यांनी गोंड व रोहिले मिळून सुमारे पाचशे माणसे जमविली आणि मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा ताब्यात घेतला. स्थानिक परंपरेत त्यांच्या दलास ‘जंगोम सेना’ म्हणतात. क्रिक्टनने चांद्याहून धाडलेल्या तुकडीशी १३ मार्च रोजी नांदगाव-घोसरी येथे त्यांची लढाई झाली व तीत इंग्रजांना माघार घ्यावी लागली. लवकरच अडपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव राजेश्वर हे बाबुरावांस येऊन मिळाले.

यानंतरच्या मोहिमेत अरण्य-पायदळाची सर्व लक्षणे दिसतात. उठाववाल्यांनी गढीसुर्ल्याच्या डोंगराचा आश्रय घेतला आणि चढून येणाऱ्या शत्रूवर वरून दगड लोटले. एका जागी दबाव वाढताच ते पांगून वनात शिरत आणि दुसऱ्या ठिकाणी एकत्र येत. एप्रिलमध्ये सगणापूर व बामनपेठ येथे चकमकी झाल्या. २९ एप्रिल रोजी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारायंत्र खात्याच्या छावणीवर छापा पडला. तीत गार्टलंड व हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. त्यांचा सहकारी पीटर निसटला. दूरसंदेशाची तार हे त्या काळी इंग्रजी सत्तेचे अत्यंत प्रभावी साधन होते. म्हणून हा छापा लष्करी दृष्ट्याही अर्थपूर्ण ठरतो.

क्रिक्टनला फौजेच्या बळावर बाबुराव हाती लागले नाहीत. म्हणून त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. वनाच्या वाटा जाणणारी माणसे अहेरीकडे होती, हे त्यामागील कारण होते. जुलैमध्ये भोपाळपट्टणम येथे बाबुराव एकदा पकडले गेले. परंतु ते निसटले. अखेर १८ सप्टेंबर रोजी लक्ष्मीबाईंच्या माणसांनी त्यांना पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले. चांद्यास खटला चालून २१ ऑक्टोबर १८५८ रोजी तेथील तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. व्यंकटराव बस्तरमध्ये निघून गेले. १८६० मध्ये त्यांना अटक होऊन जन्मठेपेची शिक्षा झाली. त्यांची जप्त केलेली अडपल्ली व घोट ही जमीनदारी इंग्रजांनी लक्ष्मीबाईंना बक्षीस दिली.

हा शेवट दोन दृष्टींनी विचारात घेण्याजोगा आहे. बाबुरावांचा पाडाव तोफांनी केला नाही. त्यांच्याच प्रदेशातील, त्यांच्याच समाजातील माणसांनी त्यांना हुडकून काढले. दुसरे असे की, लक्ष्मीबाईंच्या कृतीकडे केवळ फितुरी म्हणून पाहिले असता त्या काळातील जमीनदाऱ्यांची कोंडी ध्यानात येत नाही. नकार दिल्यास जमीनदारी गमवावी लागेल आणि होकार दिल्यास स्वजनांचा रोष पत्करावा लागेल, असा तो पेच होता. पुढील काळात वनातील सामान्य कुटुंबांवरही असाच पेच वारंवार आला.

स्थानिक दलाची कल्पना : डोंगरातील लढवय्यांना डोंगरातील माणसांकडूनच आवर घालण्याचे धोरण इंग्रजांनी यापूर्वी खानदेशात जाणीवपूर्वक अवलंबिले होते. तेथील भिल्लांच्या उठावांना सैन्यबळाने आळा बसेना, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने भिल्लांचीच एक पलटण उभारली. तिचे मुख्य ठाणे धरणगाव येथे होते. आउट्रम भिल्लांबरोबर राहिला व त्यांच्याबरोबर शिकारीस गेला. त्यातून विश्वास संपादन करून त्याने माणसे भरती केली. नियमित वेतन व शिक्षेस माफी ही त्या भरतीमागील प्रलोभने होती. पुढे माळवा व मेवाड येथेही भिल्ल पलटणी उभ्या राहिल्या. चांदा जिल्ह्यात अशी स्वतंत्र पलटण मात्र उभारली गेली नाही. वनपट्ट्याचा बंदोबस्त जमीनदारांचे शिपाई व तुरळक पोलीस ठाणी यांवरच चालत राहिला.

जमीनदारीचा अस्त : निजामाकडून १८६० मध्ये मिळालेल्या मुलखाचा अंतर्भाव करून सिरोंचा हे मुख्य ठाणे असलेला अपर गोदावरी हा जिल्हा बनविण्यात आला. तो १८७४ मध्ये मोडल्यावर सिरोंचाचा भाग चांद्यास जोडला गेला. याच सुमारास वनखात्याचा अंमल सुरू झाला व १८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनांची पद्धत दृढ झाली. स्थलांतरित शेती, लाकूडफाटा, चराई व शिकार यांवर निर्बंध आले. पूर्वी वन हे राजाच्या व जमीनदाराच्या प्याद्यांचे आश्रयस्थान होते. आता त्यात शासनाचा प्रतिनिधी म्हणून प्रथम वनरक्षक दिसू लागला. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या रद्द झाल्या आणि त्यांच्याबरोबर वाटा राखण्याची जुनी व्यवस्थाही संपली. तिची जागा घेईल असे प्रशासन बराच काळ उभे राहिले नाही. रस्ते, शाळा व दवाखाने यांअभावी भामरागड व एटापल्ली या परिसरांतील अनेक टोले पावसाळ्याचे चार महिने जगापासून तुटलेले असत.

नक्षलवादी दलम : १९८० मध्ये आंध्र प्रदेशात ‘पीपल्स वॉर’ या नावाने ओळखला जाणारा गट स्थापन झाला आणि त्याच्या सशस्त्र तुकड्या गोदावरी ओलांडून सिरोंचा, अहेरी व बस्तरच्या वनांत आल्या. त्यांतील पेड्डी शंकर हा तरुण नोव्हेंबर १९८० मध्ये सिरोंचा तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. तेंदूपानांचे व बांबूतोडीचे अल्प दर, वनकर्मचारी व ठेकेदार यांची पिळवणूक या प्रश्नांवर या गटाने प्रारंभी पाठिंबा मिळविला. ‘दलम’ म्हणजे थोड्या माणसांची, सतत फिरती, गावात जेवण घेऊन वनात मुक्काम करणारी सशस्त्र तुकडी होय. दलमचे नेते प्रथम बाहेरचे असले, तरी काही वर्षांतच त्यांतील बहुसंख्य सदस्य स्थानिक आदिवासी तरुण-तरुणी होते. २००४ मध्ये अन्य गटाशी विलीनीकरण होऊन भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) स्थापन झाला. तोपर्यंत दलमच्या जोडीस प्लाटून व कंपनी अशी सैनिकी रचनाही आली होती. भूसुरुंग, छापा व दबा ही त्यांची मुख्य तंत्रे होत. पोलिसांचे खबरे असल्याच्या संशयावरून ग्रामस्थांच्या हत्याही त्यांनी मोठ्या प्रमाणावर केल्या.

सी-६० : ठाण्यात बसून वा वाहनातून फिरून दलमचा माग काढता येत नाही, हे लवकरच स्पष्ट झाले. बाहेरून येणाऱ्या तुकड्यांना भाषा कळत नसे व वनात दिशा सापडत नसे. म्हणून १९९० मध्ये गडचिरोलीचे तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी जिल्ह्यातीलच साठ जवान निवडून एक विशेष पथक उभारले. त्या संख्येवरूनच त्याला ‘सी-६०’ हे नाव पडले. पुढे संख्या अनेक पटींनी वाढली, तरी नाव कायम राहिले. दक्षिण भागातील हालचालींसाठी १९९४ मध्ये अहेरी येथील प्राणहिता केंद्रात पथकाचा दुसरा विभाग स्थापन झाला. ‘वीरभोग्या वसुंधरा’ हे पथकाचे ब्रीदवाक्य आहे.

पथकाची विभागणी लहान तुकड्यांत केलेली असून प्रत्येक तुकडी तिच्या कमांडरच्या नावाने ओळखली जाते. जवानांत गोंड, माडिया व अन्य स्थानिक समाजांतील तरुणांचा मोठा भरणा आहे. ते गोंडी व माडिया भाषा बोलतात, गावच्या नात्यागोत्यांची त्यांना माहिती असते. त्यांना हैदराबादचे ग्रेहाउंड्स, मानेसर येथील राष्ट्रीय सुरक्षा दलाचे केंद्र, कांकेर येथील जंगल युद्ध महाविद्यालय इ. ठिकाणी प्रशिक्षण दिले जाते. शिधा, पाणी, दारूगोळा व प्रथमोपचाराचे साहित्य पाठीवर घेऊन ते अनेक दिवस वनात राहतात. वाहनांचा रस्ता शक्यतो टाळणे, गेलेल्या वाटेने न परतणे, पाणवठ्यावर रेंगाळू नये व गावात मुक्काम करू नये, हे त्यांचे काही साधे परंतु काटेकोर नियम आहेत. आत्मसमर्पणासाठी कुटुंबीयांमार्फत मन वळविणे व गावकऱ्यांच्या अडचणी शासनापर्यंत पोहोचविणे, हाही त्यांच्या कामाचा भाग आहे.

या नियमांचे मोल मोठ्या हानीतून कळले. २००९ हे वर्ष गडचिरोली पोलिसांच्या इतिहासात सर्वांत दुःखद ठरले. १ फेब्रुवारी रोजी धानोरा तालुक्यात मरकेगावजवळ १५, २१ मे रोजी हत्तीगोटा येथे १६ आणि ८ ऑक्टोबर रोजी भामरागड तालुक्यातील लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. एका वर्षातील केवळ या तीन घटनांत ४८ कुटुंबांचे आधार गेले. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेडाजवळ शीघ्र प्रतिसाद पथकाचे वाहन भूसुरुंगाने उडविण्यात आले. त्यात १५ पोलीस व वाहनचालक मृत्युमुखी पडले. पायी चालणे हे येथे सैनिकी सोय नसून जीवरक्षणाचे साधन आहे, हे या घटनेने पुन्हा दाखवून दिले.

उलट बाजूने, २२ एप्रिल २०१८ रोजी कसनासूर-बोरिया येथे इंद्रावतीच्या काठी व त्यानंतर झालेल्या चकमकींत मिळून ४० माणसे मारली गेली. पोलिसांनी ते सर्व नक्षलवादी असल्याचे सांगितले. मात्र मृतांपैकी आठ तरुण-तरुणी आपल्या गावचे असून ते दलमचे सदस्य नव्हते, असे गट्टेपल्लीच्या ग्रामस्थांचे म्हणणे होते. त्यांना नव्यानेच दलमात घेतले होते, असे पोलिसांचे प्रतिपादन होते. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोला येथील वनात दिवसभर चाललेल्या चकमकीत माओवाद्यांच्या केंद्रीय समितीचा सदस्य मिलिंद तेलतुंबडे याच्यासह किमान २६ जण ठार झाले. या मोहिमेतील कामगिरीबद्दल अपर पोलीस अधीक्षक सोमय मुंडे यांना शौर्यचक्र देण्यात आले.

२०२१ नंतर नव्या ठाण्यांमुळे, रस्त्यांमुळे व आत्मसमर्पणांमुळे दलमांची संख्या वेगाने घटली. जनतेस दाखले व शासकीय योजनांचा लाभ पोलीस ठाण्यातच मिळावा, यासाठी ‘पोलीस दादालोरा खिडकी’ हा उपक्रम सुरू झाला. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी संघटनेचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोली येथे मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. १९८० मध्ये गोदावरी ओलांडून आलेल्या दलमांच्या इतिहासातील हा निर्णायक टप्पा होय.

मूल्यमापन : चंद्रपूर–गडचिरोलीच्या इतिहासात परकोट, तोफखाना व मोठ्या फौजा यांनी शहरे जिंकली, वन मात्र पायी चालणाऱ्यांच्याच ताब्यात राहिले. आईन-ई-अकबरीतील प्याद्यांची संख्या, गढीसुर्ल्यावरून लोटलेले दगड आणि सी-६० ची पाठीवरची पिशवी या तिन्हींतून हाच निष्कर्ष निघतो. दलम व सी-६० हे परस्परांचे शत्रू असूनही त्यांची तुकडी, चाल व मुक्कामाची पद्धती यांत विलक्षण साम्य आहे. कारण दोहोंना एकाच भूमीने घडविले आहे.

या साम्याची किंमत मात्र गावांनी मोजली. १९८० नंतरच्या संघर्षात जिल्ह्यात दोनशेहून अधिक पोलीस आणि त्याहून पुष्कळ अधिक नागरिक मारले गेले. मृत पोलिसांत व मृत नक्षलवाद्यांत एकाच तालुक्याची, एकाच आडनावाची माणसे आढळतात. पोलिसात भरती झालेल्या तरुणांच्या घरच्यांना धमक्यांमुळे गाव सोडावे लागले; दलममध्ये गेलेल्यांच्या घरच्यांना चौकशीस सामोरे जावे लागले. अरण्य-पायदळाचे यश स्थानिक माणसावर अवलंबून असते, हे सैनिकी शास्त्राचे तत्त्व या जिल्ह्यांनी सिद्ध केले. त्याचबरोबर, ज्या माणसाच्या ज्ञानावर प्रत्येक सत्तेने व प्रत्येक बंडाने आपले बळ उभारले, त्याच्या वाट्यास वनावरील हक्क, रस्ता, शाळा व दवाखाना फार उशिरा आला, हेही याच इतिहासात नोंदलेले आहे. दरवर्षी २१ ऑक्टोबर रोजी चंद्रपूरच्या तुरुंगाच्या आवारात बाबुराव शेडमाके यांना अभिवादन करण्यासाठी लोक जमतात. त्याच दिवशी देशभर पोलीस स्मृतिदिन पाळला जातो व गडचिरोलीत पडलेल्या जवानांना मानवंदना दिली जाते. दोन्ही ठिकाणी उच्चारली जाणारी नावे याच वनातील आहेत.